प्रो फुटबॉलचा जुना इतिहास वाचायचाय? आधी हिशोबाची वही उघडा

माझा मेव्हणा ओहायोत कोलंबसला राहतो, त्याच्यामुळे मला अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला. एकदा व्हिडिओ कॉलवर आमची पैज लागली, विषय १८९२ ची एक मॅच, स्कोर ४-०. मी म्हटलं अरे सोप्पंय, सेफ्टीचे (आपल्याच टोकाच्या पट्ट्यात बॉलसकट अडकलं की समोरच्याला मिळतात ते) दोन पॉइंट, दोन सेफ्ट्या झाल्या असणार. तो हसला. म्हणाला, "दाजी, टचडाऊन आहे तो, तेव्हा चारच मिळायचे." टचडाऊन म्हणजे बॉल घेऊन समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचणं. दोन किलो बाकरवडी गेली माझी, कुरिअरचा खर्च वेगळा.

तर ज्यांना प्रो, म्हणजे पैसे घेऊन खेळायच्या, फुटबॉलचा हा जुना काळ, म्हणजे साधारण १८९२ ते १९३३, वाचायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सुरुवातीला डोकं फिरतं हे आधीच सांगतो. टीमची नावं बदलतात, गावं बदलतात, पॉइंट बदलतात, एकाच वर्षाचे दोन चॅम्पियन सापडतात आणि दोघांचे फॅन अजून भांडतायत. मी गेली सहा वर्षं सोसायटीचा खजिनदार आहे त्यामुळे मला एक वाईट खोड आहे, कुठलाही कागद हातात आला की मी आधी आकडे बघतो, आणि इथे नेमकी तीच खोड कामाला आली. हिरो कोण, मॅच कुणी जिंकली हे नंतर. पैसे कुठनं आले आणि कुणाच्या खिशात गेले हे आधी बघायचं, मग बाकीचं आपोआप जुळत जातं.

पण त्याच्याही आधी एक छोटं काम करा, पॉइंटचं कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा. टचडाऊनला १८९७ पर्यंत ४, १८९८ पासून ५, आणि १९१२ पासून आजचे ६. फील्ड गोल, म्हणजे खांबांमधनं मारलेली किक, उलट्या दिशेने गेलाय, आधी ५, १९०४ ला ४, १९०९ ला ३. म्हणजे १९०२ च्या मॅचचा ५-० असा स्कोर दिसला तर तो टचडाऊन होता का नुसती किक, हे आकड्यावरनं कळणारच नाही, बातमी वाचावी लागते. फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल पुढे फेकणं, १९०६ ला आला, त्यामुळे त्याआधीची मॅच डोळ्यासमोर आणताना क्वार्टरबॅकने लांब बॉल फेकलाय वगैरे चित्र आणू नका, नुसती रेटारेटी आणि ढिगावर ढीग. तीन प्रयत्नांत पाच यार्ड काढायचे एवढाच खेळ होता. दहा यार्ड १९०६ ला झाले आणि चौथा डाऊन, म्हणजे चौथा प्रयत्न, १९१२ ला आला.

आता वही उघडा. १२ नोव्हेंबर १८९२, पिट्सबर्ग. अॅलेघेनी अॅथलेटिक असोसिएशन विरुद्ध पिट्सबर्ग अॅथलेटिक क्लब, दोन्ही कागदोपत्री अमॅच्युअर, म्हणजे खेळाडूंना पैसे न देणारे. अॅलेघेनीकडून खेळला विल्यम हेफेलफिंगर, सगळे त्याला पज म्हणायचे, येल कॉलेजचा गाजलेला गार्ड, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू. त्याने समोरच्याचा सुटलेला बॉल उचलला, पळत सुटला, टचडाऊन, आणि तोच आमचा ४-०. अॅलेघेनी क्लबने त्या मॅचचा हिशोब लिहून ठेवला होता आणि तो कागद टिकला. मी तो स्वतः वहीत उतरवून बेरीज मारून बघितली, तुम्ही पण मारा. गेटचे आले १,६८३ डॉलर ५० सेंट. खर्चात पाहुण्या टीमला ठरलेले ४२८, मैदानाचं भाडं ५०, बाहेरनं आणलेल्या तिघांचा प्रवासखर्च ७५, हॉटेल ९, आणि मग एक ओळ, हेफेलफिंगरला खेळल्याबद्दल रोख ५००. एकूण खर्च १,०६२, शिल्लक ६२१ डॉलर ५० सेंट. बरोबर बसतं, एक सेंट इकडे तिकडे नाही.

आता खजिनदाराच्या नजरेने बघा हां. अमॅच्युअर क्लब, एका माणसावर जवळजवळ निम्मा खर्च, तोही रोख, आणि तरी फायदा. हेफेलफिंगरने स्वतः हे कधी बाहेर कबूल केलं नाही. हा कागद लोकांसमोर यायला १९६० चं दशक उजाडलं, तोपर्यंत पहिला प्रो खेळाडू म्हणून दुसऱ्याच माणसाचं नाव सगळीकडे छापलं जायचं. त्याचं पुढे सांगतो.

आपल्याकडे गावच्या टेनिस बॉल टुर्नामेंटला बाहेरनं एक स्टार आणतात, एका रात्रीचे पैसे ठरवून, आणि माइकवर मात्र आपल्या गावचा खेळाडू म्हणून नाव पुकारतात, अगदी तेच. तेव्हा पैसे द्यायचे पण दिले म्हणायचे नाहीत यासाठी भारी युक्त्या होत्या. सगळ्यात मला आवडलेली म्हणजे घड्याळाची. क्लब खेळाडूला बक्षीस म्हणून महागडं घड्याळ देणार, खेळाडू ते गहाण टाकून पैसे उचलणार, क्लब ते सोडवून आणणार आणि पुढच्या मॅचनंतर तेच घड्याळ त्यालाच परत बक्षीस. दुसरी म्हणजे प्रवासखर्च डबल लावायचा. ही दुसरी युक्ती तर मला सोसायटीच्या व्हाउचरमध्ये पण भेटलेली आहे, जाऊ दे. मुद्दा असा की १८९० च्या आसपासचं काही वाचताना ‘अमॅच्युअर’ शब्द दिसला की लगेच विश्वास ठेवायचा नाही, ‘एक्स्पेन्सेस’ शब्द दिसला की थांबून दोनदा वाचायचं.

तो दुसरा माणूस म्हणजे जॉन ब्रॅलियर. पेनसिल्व्हेनियातलं लॅट्रोब नावाचं छोटं गाव, १८९५, शेजारच्या जीनेटविरुद्ध मॅच, लॅट्रोबचा क्वार्टरबॅक मिळेना म्हणून या पोराला १० डॉलर आणि खर्च देऊन आणला. पुढे तो डेंटिस्ट झाला. फरक एवढाच की ब्रॅलियरने पैसे घेतले हे लपवलं नाही, म्हणून कित्येक वर्षं पहिला मान त्याचा आणि लॅट्रोब गाव प्रो फुटबॉलचं जन्मगाव. लॅट्रोबवाल्यांचं अगदीच वाया गेलं नाही, १८९७ ला पूर्ण सीझन फक्त पगारी खेळाडू घेऊन खेळलेली पहिली टीम त्यांचीच. कुठलंही जुनं पुस्तक वा लेख उघडलात की पहिला प्रो म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. ब्रॅलियर असेल तर ते अॅलेघेनीचा तो हिशोब बाहेर येण्याआधीचं लिखाण आहे असं समजा आणि बाकीचे दावे पण जपून घ्या.

१९०२ ला एक खड्डा आहे, त्यात मी पडलो होतो. त्या वर्षी ‘नॅशनल फुटबॉल लीग’ नावाची लीग निघाली पण ती आजची एनएफएल, म्हणजे याच नावाची आजची मोठी प्रो लीग, नाही. तीन टीम, तिन्ही पेनसिल्व्हेनियाच्या, फिलाडेल्फियाच्या दोन तर सरळ बेसबॉल क्लबच्या. एका सीझनात खलास. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, त्यातल्या फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सने २१ नोव्हेंबर १९०२ ला एल्मायरात दिव्यांच्या उजेडात मॅच खेळली, प्रो फुटबॉलची पहिली नाइट मॅच. बाकी सोडून द्या.

खरी मजा ओहायोत आहे, इथे वेळ द्या. कॅन्टन, मॅसिलॉन, अॅक्रन, शेल्बी, कोलंबस, सगळी कारखान्यांची आणि रेल्वेची गावं. कॉलेजच्या मॅच शनिवारी, कामगारांना सुट्टी रविवारी, म्हणून प्रो मॅच रविवारी. कोलंबस पॅनहँडल्स ही तर रेल्वे कामगारांचीच टीम, त्यात नेसर कुटुंबाचे भाऊच भाऊ, बॉयलरवर काम करणारे. त्यांचं वेळापत्रक बघितलं तर जवळजवळ सगळ्या मॅच बाहेरगावी. मला वाटलं घरचं मैदान नसेल. कारण साधं होतं, रेल्वेत नोकरी म्हणून पासवर प्रवास फुकट, मग घरी मैदान भाड्याने घेऊन नुकसान कशाला करायचं, दुसऱ्याच्या गावी जा आणि ठरलेली रक्कम घेऊन या. ही टीम चालवायचा जो कार. नाव लिहून ठेवा, पुढे लागणारे.

शेल्बीत चार्ल्स फॉलिस होता, १९०४ ला करार केलेला पहिला काळा प्रो खेळाडू. त्याच टीममध्ये त्याच्याबरोबर ब्रँच रिकी खेळला होता, हाच रिकी ज्याने पुढे जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला मेजर लीग बेसबॉलमध्ये आणलं.

या काळासाठी जुनी वर्तमानपत्रं लागतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ नावाने ढीगभर जुने पेपर स्कॅन करून फुकट ठेवलेत. सर्चची एक गंमत सांगतो, तेव्हाचे पेपर टीमला बऱ्याचदा ‘इलेव्हन’ म्हणायचे, आपल्या क्रिकेटसारखं, त्यामुळे गावाचं नाव आणि इलेव्हन असं टाकून बघा, एरवी हाताला न लागणाऱ्या बातम्या निघतात. आणि मॅच रविवारी असेल तर सोमवारचा अंक. एकाच मॅचची बातमी दोन्ही गावांच्या पेपरात वाचायची हा नियमच करा. १९०६ ला कॅन्टन आणि मॅसिलॉनच्या दोन मॅच झाल्या, एक यांनी जिंकली एक त्यांनी, आणि मग मॅसिलॉनच्या पेपरने कॅन्टनचा कोच ब्लाँडी वॉलेस याच्यावर मॅच फिक्स केल्याचा आरोप केला, वॉलेसने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. सट्टा प्रचंड होता दोन्हीकडे. खरं काय यावर आजही एकमत नाही, पण दोन्ही गावांनी आपली ऐपत सोडून खेळाडूंवर पैसे ओतले होते आणि त्यानंतर दोन्हीकडचं फुटबॉल काही वर्षं झोपलं. मला विचाराल तर फिक्सिंगपेक्षा हा ओतलेला पैसाच जास्त नडला.

कॅन्टन पुन्हा उठलं १९१५ ला, जिम थॉर्प आल्यावर. १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्हीत सुवर्ण, आणि पुढच्या वर्षी पदकं काढून घेतली, का तर त्याने आधी थोड्या पैशासाठी बेसबॉल खेळला होता. कॅन्टनच्या मॅनेजरने, जॅक क्युसॅकने, त्याला मॅचला २५० डॉलर दिले. लोकांनी वेड्यात काढलं, पण मॅसिलॉनविरुद्धच्या दोन मॅचना हजारोंनी माणूस आला आणि पैसे वसूल. ज्या गोष्टीसाठी एकीकडे पदकं गेली त्याच गोष्टीसाठी दुसरीकडे लाल गालिचा, एका माणसाच्या आयुष्यात, दोन-तीन वर्षांत.

आता १९२०. इथे येईपर्यंत तुम्हाला लीग का निघाली हे कुणी सांगायची गरज पडू नये. खेळाडू आज या गावात उद्या त्या गावात, जो जास्त देईल त्याच्याकडे, पगार वाढत चाललेले, शिकत असलेली कॉलेजची पोरं खोट्या नावाने खेळतायत, मालक बुडतायत. १७ सप्टेंबर १९२० ला कॅन्टनमध्ये राल्फ हेच्या हपमोबिल गाड्यांच्या शोरूममध्ये मालक जमले. खुर्च्या पुरेनात म्हणून लोक गाड्यांच्या फूटबोर्डवर बसले असं डिकेटरच्या टीमकडनं आलेल्या जॉर्ज हॅलसने नंतर सांगितलंय. नाव ठेवलं अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन, अध्यक्ष थॉर्प कारण नाव मोठं, आणि प्रत्येक टीमची फी १०० डॉलर, जी कुणी भरलीच नाही म्हणतात. खजिनदार म्हणून माझा जीव तिथेच तुटला. पुढच्याच वर्षी थॉर्पच्या जागी जो कार आला, तोच रेल्वेवाला, आणि १९३९ ला वारेपर्यंत तोच अध्यक्ष. १९२२ ला लीगचं नाव एनएफएल झालं.

इथनं पुढे टीमची वंशावळ काढा, नाहीतर हरवाल. डिकेटर स्टेलीज ही स्टार्चच्या कंपनीची टीम, १९२१ ला शिकागोत गेली पण नाव स्टेलीजच ठेवलं, का? मालक स्टेली यांनी हॅलसला ५,००० डॉलर दिले आणि अट घातली की एक वर्ष आमचं नाव चालवायचं. १९२२ ला झाले बेअर्स. १९२० च्या टीमपैकी आज उरल्यात फक्त बेअर्स आणि कार्डिनल्स. ग्रीन बेचं ‘पॅकर्स’ हे मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीवरनं आलंय, ५०० डॉलर कपड्यांसाठी दिले म्हणून. याच पॅकर्सना १९२१ च्या सीझननंतर काढून टाकलं होतं, नोत्र दाम कॉलेजची पोरं खोट्या नावाने खेळवली म्हणून, पुढच्या सीझनला परत घेतलं. म्हणजे जुन्या लाइनअपमधलं नाव खरं असेलच असं नाही हे ध्यानात ठेवा. आणि ओरांग इंडियन्स बघाच, १९२२-२३, ओहायोतलं लारू, हजारभर वस्तीचंही नाही. मालक वॉल्टर लिंगो एअरडेल जातीचे कुत्रे विकायचा. सगळे मूळनिवासी अमेरिकन खेळाडू, थॉर्पसकट, आणि हाफटाइमला खेळाडूंनीच कुत्र्यांबरोबर कसरती करायच्या. लिंगोचा एक कुत्रा १५० डॉलरला जायचा आणि लीगची टीम त्याला १०० ला पडली. टीम ही जाहिरात होती. आकडे बघितले की वेगळं सांगावं लागत नाही.

आता टेबल. जुन्या टेबलात जिंकल्या, हरल्या, बरोबरी असे तीन आकडे असतात. १९७२ च्या आधी बरोबरीच्या मॅच टक्केवारीत धरायचेच नाहीत, जिंकलेल्या भागिले जिंकलेल्या अधिक हरलेल्या, बस. १९३२ घ्या, हातानेच करा. सीझन संपताना बेअर्स ६-१-६, पोर्ट्समथ स्पार्टन्स ६-१-४, पॅकर्स १०-३-१. जुन्या नियमाने पहिल्या दोघांची .८५७, पॅकर्स .७६९ वर तिसरे. आजच्यासारखं बरोबरीला अर्धा विजय धरला तर पॅकर्स .७५०, स्पार्टन्स .७२७, बेअर्स .६९२, अख्खं टेबल उलटं! दहा मॅच जिंकलेली टीम बाहेर आणि सहा जिंकलेल्या दोघांत फायनल. मेव्हण्याला हे टाकलं, तो दोन दिवस काही बोलला नाही.

ती फायनल १८ डिसेंबर १९३२ ला शिकागो स्टेडियममध्ये, छताखाली, कारण बाहेर बर्फ आणि मरणाची थंडी. आत नुकतीच सर्कस होऊन गेलेली, तीच माती, तोच वास. मैदान ८० यार्डांचं. स्पार्टन्सचा सगळ्यात मोठा खेळाडू डच क्लार्क आलाच नाही, तो कोलोरॅडोत कॉलेजचा बास्केटबॉल कोच होता आणि नोकरीवर हजर व्हायचं होतं. लीगचा स्टार, पण पोट दुसऱ्या नोकरीवर. बेअर्स ९-० ने जिंकले, आणि ही मॅच टेबलात धरल्याने स्पार्टन्स थेट तिसऱ्यावर घसरले. प्रेक्षक ११,१९८, एवढ्यावरनं मालकांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि १९३३ पासून दोन विभाग आणि दरवर्षी फायनल.

मध्ये १९२५ राहिलं, ते मुद्दाम वेगळं ठेवलं कारण तिथे माणूस अडकला की बाहेर येत नाही. पॉट्सव्हिल मरून्स, कोळसा खाणीचं गाव. रविवारी खेळायचे. फिलाडेल्फियात रविवारी खेळ बंद, म्हणून फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स शनिवारी खेळायचे, त्यामुळे बाहेरची टीम एकाच फेरीत शनिवारी फ्रँकफर्ड आणि रविवारी पॉट्सव्हिल असं दोन्ही उरकायची. सगळ्यांना परवडायचं. ६ डिसेंबरला पॉट्सव्हिलने शिकागो कार्डिनल्सना २१-७ ने हरवलं, चॅम्पियन झाल्यातच जमा. मग जास्त गेट मिळेल म्हणून नोत्र दामच्या माजी स्टार्सविरुद्ध फिलाडेल्फियात मॅच घेतली, जिंकली पण ९-७. पण तो फ्रँकफर्डचा इलाका, तिथे दुसऱ्या टीमने मॅच घ्यायची नाही असा नियम. अध्यक्ष जो कारने आधी बजावलेलं होतं, पॉट्सव्हिलवाले म्हणतात लीगच्या ऑफिसातनं फोनवर परवानगी मिळाली होती. पॉट्सव्हिलची टीम निलंबित. तिकडे कार्डिनल्सनी घाईघाईत दोन जास्तीच्या मॅच लावल्या, त्यातल्या एकीत समोरच्या मिलवॉकीकडनं चार शाळकरी पोरं खेळली! कार्डिनल्सच्या मालकाने, ख्रिस ओब्रायनने, तो किताब घ्यायला नकार दिला. पॉट्सव्हिलच्या लोकांनी कोळशातनं कोरलेली ट्रॉफी करून घेतली. १९६३ आणि २००३ ला लीगने पुन्हा विषय घेतला आणि दोन्ही वेळा नाही म्हटलं. माझं मत विचाराल तर मैदानावर पॉट्सव्हिल जिंकलं, इलाक्याचा नियम मात्र त्यांनी मोडला, दोन्ही खरं आहे. त्याच वर्षी कॉलेज फुटबॉलचा स्टार रेड ग्रेंज कॉलेजची शेवटची मॅच संपवून लगेच बेअर्समध्ये आला आणि न्यू यॉर्कला त्याला बघायला ७०,००० च्या आसपास लोक, पण त्याच्यावर भरपूर लिहिलेलं मिळेल, मी थांबतो.

शेवटचं काम, खेळाडूंच्या याद्या सलग वाचा, वर्षामागून वर्ष. सुरुवातीला काळे खेळाडू दिसतात, १९२० ला अॅक्रनच्या चॅम्पियन टीममध्ये फ्रिट्झ पोलार्ड, जो १९२१ ला त्याच टीमचा कोच पण झाला, आणि १९२१ ला तिथेच पॉल रोबसन, हो तोच गायक, लॉ कॉलेज करता करता खेळायचा. १९३३ ला जो लिलार्ड आणि रे केम्प. आणि मग १९३४ ते १९४५, बारा सीझन, एकही नाव नाही. नियमपुस्तकात शोधलंत तर काही सापडणार नाही कारण मालकांनी असं कुठे लिहिलंच नाही, फक्त याद्यांतनं दिसतं. १९४६ ला रॅम्स क्लीव्हलंडहून लॉस एंजलिसला आले, त्यांना कोलिझियम स्टेडियम हवं होतं, आणि तिथल्या काळ्या पत्रकारांनी स्टेडियम कमिशनसमोर सरळ विचारलं की हे आमच्याही करातनं बांधलंय, मग आमची पोरं इथे का नाही खेळणार. मार्चमध्ये रॅम्सने केनी वॉशिंग्टनला साइन केलं.